पाणी वाटायलाही शिकवावं लागतं

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

मी साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी शेती करतो. गावानं मिळून पाणी कसं वाटून घ्यावं, याची विद्या आमच्या खोऱ्यात होती. ती वाटणी स्वतः हातानं केलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. ती आहेत तोवर त्यांच्याकडून नव्या पाणी वापर संस्थांना, म्हणजे कालव्याचं पाणी आपसांत वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांना, शिकू द्यावं, एवढ्यासाठी हे पत्र.

फड पद्धत आपल्या कानावर असेलच. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपूर्वी दगडी बंधारे घातले गेले, त्यांतून पाट निघाले आणि पाटाखालचं रान फडांत वाटलं गेलं. एका फडात एकच पीक. उसाच्या फडात सगळ्यांचा ऊस, ज्वारीच्या फडात सगळ्यांची ज्वारी, पुढे फेरपालट. बहुतेकांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असत. त्यामुळे टंचाईच्या साली पंचांनी एखादा फड कोरडा ठेवायचा ठरवला, तरी एकट्या कुणाचं घर बसत नसे. सगळ्यांच्या अंगावर थोडं थोडं येई.

आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट म्हणजे, आपल्या शेताचं बारं, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड, आपण फोडायचं नाही. पाणी देणार पाटकरी. लहानपणी मी आमच्या पाटकरीबाबांच्या मागे रात्री कंदील धरून फिरलो आहे. सारीत पाय घालून ते सांगत, इथं भरलं, आता पुढे चल. पुढचं शेत त्यांच्या सख्ख्या भावाचं असो की ज्याच्याशी बोलणं नाही त्याचं असो, पाय तेवढाच बुडायचा. पाट साफ करायच्या दिवशी जो घरातून येत नसे, त्याला दंड होई, आणि तो दंड माझ्या आजोबांनाही एकदा भरावा लागला होता. ते स्वतः पंचांपैकी होते.

पुढे नद्यांवर वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याला त्याला आपलं पाणी आपल्या शेतात मिळू लागलं. बरेच फड मोडले. त्याचा दोष मी कुणा एकाला देत नाही. मोटार मीही बसवली.

आता कायद्याकडे येतो. 2005 चा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा मला चांगला वाटतो. संस्थेला पाणी मोजून मिळावं, कोणतं पीक घ्यायचं ते शेतकऱ्यानं ठरवावं, आतली वाटणी संस्थेनं करावी, हे सगळं त्यात आहे. पण माझ्या नात्यातल्या एका गावात कालव्यावर संस्था झाली तेव्हा काय घडलं ते सांगतो. निवडणूक झाली, एका दुपारचं प्रशिक्षण झालं, पडद्यावर तक्ते दाखवले, चहा झाला, सह्या झाल्या. पहिल्याच आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सुटलं त्या पहिल्याच खेपेला, वरच्यांनी कालव्यात पाइप टाकले आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, लोकांची हरभऱ्याची जमीन तडकली. अध्यक्ष भला माणूस होता. पाळीपत्रक त्याच्या खिशात होतं. पण पाळी मोडणारा आपल्याच भावकीतला असला तर त्याला चारचौघांत कसं अडवायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

हे शिकता येतं. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर बापू उपाध्ये आणि भरत कावळे हे कार्यकर्ते शेतकऱ्यांसोबत वर्षानुवर्षं बसले. सुरुवात टेलकडच्या तीन संस्थांनी केली, पुढे चोवीस झाल्या आणि अख्ख्या प्रकल्पाचं पाणी शेतकरी सांभाळू लागले. त्याआधी, 1972 च्या दुष्काळानंतर, पुरंदरमधल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा हक्क माणसागणिक, माणशी अर्धा एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. ऊस नाही हे ऊस लावू शकणाऱ्या माणसाकडून कबूल करून घ्यायला किती बैठका लागल्या असतील, याचा विचार आपण करावा. एका दुपारी ते होत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. नव्या संस्थेच्या संचालकांना चालू असलेल्या एखाद्या संस्थेत एक पूर्ण आवर्तन राहायला पाठवा. त्यांनी तिथल्या पाटकऱ्याबरोबर रात्रीची पाळी करावी, भांडण मिटवताना बाजूला बसून ऐकावं. आमच्याकडच्या जुन्या पाटकऱ्यांना मानधन देऊन शिक्षक म्हणून नेमा, आणि नेमताना दहावीचा दाखला मागू नका. वाल्मी या सरकारी जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत 1980 पासून पाणी मोजायचं शिक्षण मिळतं, तिथे वाटायचंही मिळू द्या. आणि टंचाईच्या साली काय कमी करायचं, याचा ठराव संस्थेनं पाणी भरपूर असतानाच लिहून घ्यावा. पाट आटल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास पांझरेत पाणी कमी असतं, बंधाऱ्याचे दगड उघडे पडतात. तेव्हा आपण आलात तर आमचे एक जुने पाटकरी आपल्याला पाटावरून चालवत नेतील. त्यांचं वय झालंय, गुडघे दुखतात, तरी मी विचारलं तर हो म्हणाले. या वर्षीच यावं.

आपला,
पांझराकाठचा एक शेतकरी