माझ्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड वाचवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानले, तरी मन भरलं नाही. तुम्ही काय केलंत ते चार जणांना कळावं, म्हणून हे उघड पत्र.

माझ्या कॉम्प्युटरचे पंखे फिरत होते, लाइट लागत होता, पण डिस्प्ले नाही आणि बीपही नाही. ज्यांनी ज्यांनी मशीन पाहिलं त्यांचं एकच म्हणणं, "पंखा फिरतोय म्हणजे एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) ठीक आहे. बोर्ड गेला." तुम्ही मात्र आधी मीटर काढलात. प्रोसेसर आणि एकच रॅम ठेवून बाकी सगळं सोडवलंत. मग एसएमपीएसकडून येणारा २४ पिनांचा कनेक्टर बोर्डावर तसाच ठेवून मागच्या बाजूने मीटरचा प्रोब (मोजायची सुई) घातलात. मशीन बंद असतानाही जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट होते. चालू केल्यावर पिवळीवर १२.१, लालवर ५, नारिंगीवर ३.३. सगळं ५ टक्क्यांच्या मर्यादेत. दुसरा कुणी असता तर इथेच बोर्डावर फुली मारून मोकळा झाला असता.

तुम्ही राखाडी वायरवर प्रोब टेकवलात आणि आकडा शून्यापासून हलेना. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की एसएमपीएस याच वायरवर ५ व्होल्ट देतो आणि तोवर बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्येच धरून ठेवतो, म्हणजे कामाला सुरुवातच करू देत नाही, हे तुम्ही तेव्हा समजावलंत. पण बोर्डच ती वायर खाली ओढत असेल तर? म्हणून कनेक्टर काढून, बोर्डाशिवायच एसएमपीएस चालू व्हावा म्हणून हिरवी वायर काळीला जोडून पुन्हा मोजलंत. तिथेही शून्य! ती दुसरी मोजणी मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण दोष कुणाचा हे तिनेच ठरवलं. दुसरा एसएमपीएस लावताच डिस्प्ले आला.

जुना एसएमपीएस उघडून बघायची माझी फार इच्छा होती. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात, असं सांगून तुम्ही मला ठामपणे अडवलंत. त्याबद्दल तर विशेष आभार.

परवा एका मैत्रिणीचं मशीन गेम सुरू केला की रीस्टार्ट व्हायचं. विंडोज नव्याने टाकायची तयारी चालली होती. तुमच्या पद्धतीने गेम चालू ठेवूनच पिवळी वायर मोजली, तर १२ चे १०.९ झालेले. एसएमपीएस बदलला आणि मशीन सुरळीत चाललं. ती विचारत होती, हे कुणाकडून शिकलीस? तिला तुमचं नाव सांगितलं आहे.

तुमची ऋणी,
एक विद्यार्थिनी