घोडी ठणठणीत, पण लीदेचं काय?

मा. संपादक,

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत वरातीच्या दोन घोड्या बांधलेल्या असतात, लग्नाचा सीझन आला की रोज संध्याकाळी झूल-बिल घालून निघतात, दिसायला एकदम फिट. मागे एकीच्या पायाला जखम झाली तर मालकाने डॉक्टर न बोलावता मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून टोचलं, दोन दिवसांत फरक दिसला की बंद. मी बोललो तर म्हणे, "भाऊ, घोडी बरी झाली न, आता काय?"

आता हेच सांगायचं आहे. औषध फक्त जखमेत जात नाही, घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा पचवणारे करोडो जंतू असतात त्यांच्यापर्यंतही पोचतं, मग त्यातले औषधाला न जुमानणारे तेवढे उरतात न वाढतात. आतड्यातला ई-कोलाय नावाचा जंतू तर औषधाला न जुमानायचा हा गुण दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतो. हे जंतू लीदेतून बाहेर पडतात, आणि घोडी आजारी दिसतच नाही! इंग्लंड, नेदरलँड्सकडे धडधाकट घोड्यांच्या लीदेतही असे जंतू सापडलेत.

एक घोडी दिवसाला १५-२० किलो लीद टाकते, आमच्याकडे ती नालीच्या कडेला पडून राहते, पोरं तिथंच क्रिकेट खेळून राहिली, बॉल उचलला की हात चड्डीला पुसला, झालं, जंतू पोरांपर्यंत पोचले. काही अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, हा शेड्यूल एच-१ चा नियम २०१४ पासून आहे, पण माणसाला चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळतात तिथं घोडीला कोण विचारतं! आपल्या नागपुरात व्हेटरनरी कॉलेज आहे, त्यांनी सीझनआधी वरातीच्या घोड्यांच्या लीदेत असे जंतू आहेत का ते एकदा तपासावं, आणि मनपाने लीद उचलायची गाडी पाठवावी.

– एक वाचक, महाल, नागपूर