सहलीच्या यादीत फोटोसोबत पोरांचं वय पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की पुरवणीत "कुटुंबासोबत एका दिवसात काय काय बघाल" टाइपच्या याद्या यायला लागतात. वाचायला मजा येते, फोटो पण मस्त असतात, पण ही यादी बनवणाऱ्याने एक चार वर्षांचं, एक सात वर्षांचं आणि एक अकरा वर्षांचं अशी तीन पोरं घेऊन एक अख्खा दिवस काढलाय का कधी, असा प्रश्न मला दरवेळी पडतो. सकाळी हे, मग ते, जेवून तिसरं आणि येता येता चौथं! मी मावशी पण आहे आणि आत्या पण, सुट्टीत पोरांना फिरवून आणायचं काम घरात माझ्याकडेच असतं, म्हणून लिहितेय.

माझं म्हणणं एवढंच आहे की भाचरं-पुतणे घेऊन निघायचं असेल तर दिवसाला एकच ठिकाण धरा आणि टाइमटेबल सगळ्यात लहान पोराच्या हिशोबाने लावा. मोठी पोरं कुरकुर करतील थोडी, पण सांभाळून घेतात. लहान पोर बिनसलं की मात्र अख्ख्या ग्रुपचा दिवस गेला.

आता लहान पोराचा हिशोब म्हणजे काय, तर पहिलं झोप. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात 3-4 वर्षांच्या मुलांना 24 तासांत 10 ते 13 तास झोप सांगितलीय आणि 1-2 वर्षांच्यांना 11 ते 14, दुपारची झोप धरून. आता पहाटे उठवून गाडीत घातलेलं पोर, ज्याची दुपारची झोप पण आपण "आज एक दिवस चालतं" म्हणून उडवली, ते चार वाजता जमिनीवर लोळण घेतं तेव्हा त्याला हट्टी म्हणायचा आपल्याला काय अधिकार? झोपेच्या वेळेला एकतर परतीच्या गाडीत असा, नाहीतर सावलीत चादर टाकून बसायची सोय बघून ठेवा.

दुसरं, पोरं पळून दमतील ही मोठ्यांची भीती उगाच असते. त्याच सूचनांमध्ये 3-4 वर्षांच्यांना दिवसाला निदान 180 मिनिटं हालचाल हवी असं म्हटलंय. पोरं दमतात ती तिकिटाच्या रांगेत, काचेच्या कपाटापुढे आणि "इथे उभा राहा, हात लावू नको" ऐकून. मोठ्यांचं तरी काय वेगळं, बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिल्मन यांनी 1916 मध्येच लिहून ठेवलंय की वस्तू बघायला वाकून, मान वळवून माणूस कसा थकतो, त्यासाठी एका माणसाचे वाकून बघतानाचे फोटो पण काढले होते त्यांनी. मग ज्याचं डोकं कपाटाच्या काचेपर्यंत पोचतच नाही त्याचं काय होत असेल? म्हणून म्युझियमला जायचंच असेल तर दोन-तीन दालनं बघा, बाहेर या, पळू द्या, वाटलं तर परत आत जा. सगळं बघून पैसे वसूल करायचा हिशोब मोठ्यांचा, पोरांना त्याच्याशी घेणंदेणं नसतं.

प्रवासाचं पण तेच. गाडी लागायचा त्रास साधारण 2 ते 12 वर्षांच्या वयात जास्त असतो, कारण आतला कान सांगतो आपण हलतोय आणि डोळे जर मोबाइलवर खिळलेले असतील तर ते सांगतात काहीच हलत नाहीये, मेंदूचा गोंधळ होतो आणि पुढचं सगळ्यांना माहितीच आहे. गंमत म्हणजे पोरं शांत बसावीत म्हणून आपणच त्यांच्या हातात मोबाइल देतो. खिडकीबाहेर लांबचं बघायला लावा, गाणी म्हणा, मधे थांबा, आणि जायला लागणारा वेळ तिथे घालवायच्या वेळेपेक्षा जास्त होत असेल तर सरळ दुसरं ठिकाण शोधा.

आता जरा नाजूक मुद्दा. स्वतःची पोरं घेऊन जाणं वेगळं आणि भावाबहिणीची घेऊन जाणं वेगळं. स्वतःच्या पोराचा चेहरा बघून कळतं की याला आता शू लागलीय, दुसऱ्याच्या पोराचं नाही कळत. म्हणून आदल्या दिवशी त्यांच्या आईबाबांना फोन करून नीट विचारायचं, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, औषध कुठलं आणि कधी, गाडी लागते का, पाण्याची किंवा कुत्र्याची भीती वाटते का, झोपताना काही हातात लागतं का, अनोळखी टॉयलेटला जातो का (हसू नका, यावरून अख्खी ट्रिप फिसकटते). हे सगळं मेसेजमध्ये लेखी मागून घ्या, गडबडीत आठवत नाही. पोरांचे फोटो कुठे टाकलेले चालतील का तेही विचारा, सगळ्यांना आवडत नाही ते. आणि आईबाबांनी "संध्याकाळी काही घेऊन देऊ नका" सांगितलं असेल तर ते पाळा. आपल्याकडे लाडके काका, लाडकी मावशी व्हायची जी स्पर्धा लागते ना, तिच्या नादात एकाला खेळणं, दुसऱ्याला काहीच नाही असं होतं आणि मग परतीच्या गाडीत रडारड ठरलेलीच.

पोरांना विचारायचं का कुठे जायचं? विचारायचं, नक्की विचारायचं. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात खेळाचा आणि विश्रांतीचा हक्क कलम 31 मध्ये आहे आणि आपलं मत मांडायचा कलम 12 मध्ये, पण घरातल्या ट्रिपला करार कशाला हवा, ज्याच्यासाठी चाललोय त्याला विचारणं साधी गोष्ट आहे. फक्त "कुठे जाऊया" असं मोकळं विचारू नका, पाच पोरं पाच दिशा. आपल्याला झेपतील अशी दोन ठिकाणं ठरवा आणि त्यातलं एक त्यांना निवडू द्या. मोठ्या पोराला काहीतरी खरं काम द्या, नकाशा बघणं किंवा वेळ सांगणं. धाकट्यांवर लक्ष ठेवायचं काम मात्र त्याच्या गळ्यात घालू नका, तो पण मजा करायलाच आलाय.

पाण्याजवळ जाणार असाल तर एकच गोष्ट सांगते. लहान मूल बुडताना बहुतेक वेळा आरडाओरडा होत नाही आणि त्याला खोल पाणी पण लागत नाही. लहानग्यांच्या बाबतीत मोठं माणूस हात पुरेल इतक्या अंतरावरच हवं. दहा मोठे असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, म्हणून नाव घेऊन पाळी लावा, आता तू, अर्ध्या तासाने मी, आणि ज्याची पाळी त्याचा मोबाइल खिशात. गर्दीत जायचं असेल तर निघताना प्रत्येक पोराचा त्या दिवशीच्या कपड्यातला फोटो काढून ठेवा, मनगटावर पेनाने फोन नंबर लिहा आणि चुकलास तर शोधत फिरू नको, आहेस तिथेच थांब हे दोनदा सांगा.

आणि निघायचं कधी? मजा चालू असतानाच. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा एक प्रयोग आहे, लोकांना 14 अंशाच्या थंड पाण्यात 60 सेकंद हात ठेवायला लावला, मग दुसऱ्या वेळी तेच 60 सेकंद आणि वर अजून 30 सेकंद ज्यात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत आणलं. परत यातलं काय कराल विचारलं तर बहुतेकांनी लांबलेलं दुसरं निवडलं, त्रास जास्त वेळ होता तरी, कारण शेवट जरा बरा होता. प्रयोग मोठ्यांवरचा आहे, पण दिवसभर हुंदडून शेवटच्या तासात ओरडा खाल्लेली पोरं घरी येऊन काय सांगतात ते ऐका एकदा, फक्त ओरडा सांगतात.

तर संपादक महोदय, विनंती अशी की पुढच्या यादीत प्रत्येक ठिकाणाखाली कोणत्या वयाच्या पोरांना ते जमेल, टॉयलेट किती लांब आहे, सावली आणि बसायला जागा आहे का, बाळाची ढकलगाडी आत जाते का आणि रांगेत साधारण किती वेळ जातो एवढं छापा. जागा कमी पडत असेल तर एखादा फोटो कमी करा, चालेल आम्हाला.

आपली,
एक वाचक (आणि बऱ्याच जणांची मावशी-आत्या)