६जीच्या बातमीत शेवटचे पाच टक्के कुठे आहेत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकातली ६जी संशोधनाविषयीची बातमी वाचली. मथळ्यात वेग, चौकटीत वेग, आणि सोबतच्या चित्रात टॉवरमधून निघालेल्या निळ्या रेषाही धावतच सुटलेल्या. ‘काही क्षणांत अख्खा चित्रपट’ हे वाक्य मी थ्रीजीच्या काळापासून वाचत आले आहे. दर पिढीला त्यातले क्षण तेवढे कमी होतात. बातमीतला आकडा खोटा नाही, हे आधीच सांगून टाकते. माझी तक्रार एवढीच की तो आकडा कोणाच्या वाट्याचा, हे बातमी सांगत नाही.

मी मोबाइल नेटवर्कच्या रेडिओ विभागात काम केले, आता निवृत्त आहे. आमचे मुख्य काम ड्राइव्ह टेस्ट, म्हणजे गाडीतून फिरत नेटवर्क मोजणे. मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप, त्याला केबलने जोडलेले चार-पाच फोन, टपावर जीपीएसचा अँटेना आणि ड्रायव्हरला एकच ताकीद, गाडी पळवायची नाही. फोन एकसारखे डाउनलोड करत राहतात, अधूनमधून आपले आपणच कॉल लावतात आणि पडद्यावरच्या नकाशात रस्त्याच्या कडेने ठिपके उमटत जातात. आमच्याकडे सिग्नल उणे ८० डीबीएमच्या आसपास असला की ठिपका हिरवा, उणे १०० ओलांडला की पिवळा, उणे ११५च्या खाली गेला की लाल. (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर.) अहवालात सरासरी जायची आणि सरासरी बहुतेक वेळा साजरीच दिसायची. तक्रारी मात्र यायच्या त्या लाल ठिपक्यांतून: तळघरातून, लिफ्टशेजारच्या जिन्यातून, दोन टॉवरच्या मधल्या त्या पट्ट्यातून, जिथे फोन कधी या सेलला, म्हणजे टॉवरच्या टापूला, धरतो, कधी त्या सेलला, आणि शेवटी दोन्हीकडून सुटतो. त्यामुळे वेगाचा कुठलाही आकडा समोर आला की मी आधी विचारते, हा ठिपका नकाशावर नेमका कुठला?

६जीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर छापून तयार आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयू, प्रत्येक पिढीची चौकट आधी ठरवतो. ५जीचे त्यांच्या दप्तरी नाव आयएमटी-२०२०, तर ६जीचे आयएमटी-२०३०. ही नवी चौकट नोव्हेंबर २०२३ मध्ये एम.२१६० या शिफारशीने मंजूर झाली. संशोधनाचे लक्ष्य म्हणून तिने कमाल वेगाची ५०, १०० आणि २०० गिगाबिट प्रति सेकंद अशी उदाहरणे दिली आहेत. बातम्यांत फिरतात ते हेच. पण त्याच यादीत लगेच पुढचे कलम आहे वापरकर्त्याला प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाचे, आणि तिथली उदाहरणे आहेत ३०० आणि ५०० मेगाबिट. ५जीसाठी हेच दोन आकडे अनुक्रमे २० गिगाबिट आणि १०० मेगाबिट होते. म्हणजे मिरवायचा आकडा दहापट झाला आणि आपल्या वाट्याचा तीन ते पाचपट. तीन ते पाचपट हीसुद्धा मोठीच उडी आहे, संशोधकांची हाडे त्यातच झिजणार आहेत. पण तिचा मथळा कोणी करत नाही.

या दोन आकड्यांत एवढे अंतर का, हे समजायला ५जीच्या वेळचा आयटीयूचा एम.२४१० हा अहवाल पाहावा. तो नोव्हेंबर २०१७चा आहे. कमाल वेग म्हणजे काय, ते त्यात स्वच्छ लिहिले आहे: परिस्थिती आदर्श, चूक शून्य, आणि सेलची देता येण्याजोगी सगळी रेडिओ साधने एकाच मोबाइलच्या हवाली. मध्यरात्री रिकाम्या हमरस्त्यावर एकट्या गाडीने गाठलेला वेग म्हणा. उलट ‘प्रत्यक्ष मिळणारा वेग’ मोजताना सगळ्या वापरकर्त्यांना वेगाच्या क्रमाने उभे करतात आणि तळापासून पाच टक्क्यांवर जो उभा आहे, त्याचा वेग घेतात. शंभरातल्या पंच्याण्णव जणांना निदान तेवढा मिळायलाच हवा.

याच अहवालात एका हर्ट्झ स्पेक्ट्रममधून, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्यातून, सेकंदाला किती बिट काढायचे, याच्याही अटी आहेत. टॉवरकडून फोनकडे येताना कमाल ३०. ग्रामीण परिस्थितीत तळच्या पाच टक्क्यांवरच्या माणसासाठी ०.१२. एकाच तंत्रज्ञानाच्या, एकाच कागदावरच्या दोन अटींत अडीचशेपटींचा फरक! फोनकडून टॉवरकडे जाताना कमाल १५ आणि ग्रामीण तळाला ०.०४५, म्हणजे तीनशेपटींहून जास्त. यात लबाडी कोणाचीच नाही. तळच्या माणसाला सेल इतरांबरोबर वाटून घ्यावा लागतो, वर तो टॉवरपासून लांब असतो आणि शेजारचा टॉवर त्याच्या कानाशी गोंगाट करत असतो. शेवटी यातले कुठले टोक छापायचे, हे आपल्या हातात आहे.

आता प्रयोगशाळेतल्या विक्रमांकडे वळते, कारण आपल्या बातमीचा भर त्यांच्यावरच होता. जून २०२१ मध्ये सॅमसंग आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने १४० गिगाहर्ट्झवर ६.२ गिगाबिटचा वेग १५ मीटरवर दाखवला. २०२४ मध्ये जपानच्या डोकोमो, एनटीटी, एनईसी आणि फुजित्सू यांनी मिळून १०० आणि ३०० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत १०० मीटरवर १०० गिगाबिट गाठल्याचे जाहीर केले. दोन्ही कामे अव्वल आहेत आणि दोघांनीही अंतर लपवलेले नाही. अंतर गळते ते बातमी होताना.

अंतराचे एवढे का? ज्या ३.५ गिगाहर्ट्झवर आज बऱ्याच ठिकाणी ५जी चालते, तिथून १४० वर गेलो की वारंवारता चाळीसपट होते. अँटेनाचा गेन, म्हणजे शक्ती एका दिशेला एकवटण्याची क्षमता, तोच ठेवला, तर तेवढ्याच अंतरावर हाती येणारी शक्ती सोळाशेव्या भागावर येते, आमच्या भाषेत ३२ डीबीचा खड्डा. वर, वेगासाठी बँडविड्थ, म्हणजे वापरायच्या पट्ट्याची रुंदी, १०० मेगाहर्ट्झची १० गिगाहर्ट्झ केली की रिसीव्हरमध्ये शिरणारा औष्णिक गोंगाटही शंभरपट, म्हणजे आणखी २० डीबी गेले. खड्डा भरायला शेकडो बारीक अँटेनांचा एक अरुंद झोत करावा लागतो. १४० गिगाहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम २ मिलिमीटर, त्यामुळे एवढे अँटेना लहान जागेत मावतात खरे. पण झोत जितका अरुंद तितका तो फोनवर धरून ठेवणे जिकिरीचे. माणूस वळला, फोनवर तळहात आला, मध्ये भिंत आली, की झोत तुटला. आमच्या वेळी फोन नुसता कानाला लावला तरी मीटरवर काही डीबी उतरलेले दिसायचे, आणि त्या वारंवारता आजच्या मानाने फारच समजूतदार होत्या.

मी टेराहर्ट्झच्या, म्हणजे असल्या शंभर गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींच्या, विरोधात मुळीच नाही. मिलिमीटर लहरींची कहाणी तर फार जुनी आहे. १८९०च्या दशकात जगदीशचंद्र बोस कोलकात्यात ५ मिलिमीटरपर्यंतच्या तरंगलांबीवर, म्हणजे साधारण ६० गिगाहर्ट्झवर, हॉर्न, म्हणजे कर्ण्यासारखा, अँटेना घेऊन प्रयोग करत होते. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी अमेरिकी प्राध्यापक थिओडोर रॅपापोर्ट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्क आणि ऑस्टिनमध्ये २८ आणि ३८ गिगाहर्ट्झचे सिग्नल प्रत्यक्ष मोजले, आणि २०१३ च्या शोधनिबंधात या लहरींवर मोबाइल चालेल, असे ठणकावून सांगितले. मला त्या निबंधातले आवडते ते हे, की उपकरणे उचलून माणसे इमारतींच्या आडोशाला गेली, जिथे सिग्नल मिळाला नाही त्या जागाही त्यांनी नोंदवल्या. ड्राइव्ह टेस्टवाल्यांना असा माणूस आपला वाटतो.

खरी चुरस सध्या कुठे आहे, तर त्याहून बऱ्याच खालच्या पट्ट्यांत. २०२३च्या अखेरीस दुबईत झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेने पुढच्या, २०२७च्या परिषदेसाठी तीन पट्टे मोबाइलसाठी अभ्यासाला दिले: ४.४ ते ४.८, ७.१२५ ते ८.४ आणि १४.८ ते १५.३५ गिगाहर्ट्झ. नेटवर्कवाल्यांचा डोळा मधल्यावर आहे. ७ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३.५ च्या निम्मी, तेव्हा तेवढ्याच आकाराच्या पॅनलवर चौपट अँटेना बसतात. त्यांनी झोत आवळता आला तर सध्याच्याच टॉवरवरून, नवे खांब न रोवता, आजच्याइतके कव्हरेज मिळेल, अशी आशा आहे. अडचण एवढीच की हे पट्टे रिकामे नाहीत. उपग्रह, संरक्षण दळणवळण, मायक्रोवेव्हच्या जोडण्या, सगळे तिथे आधीपासून ठाण मांडून आहेत. कोणी सरकायचे, किती अंतर राखायचे, यावर रटाळ बैठका चालतात. २०३० नंतरच्या आपल्या फोनचे भवितव्य त्या बैठकांत जास्त ठरणार आहे, १०० गिगाबिटच्या विक्रमात कमी.

अपलिंकबद्दलही, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या वाटेबद्दल, बातमीत चकार शब्द नव्हता. फोन साधारण पाव वॅटहूनही कमी, २०० मिलिवॅट शक्तीने बोलतो. टॉवरवरचा मोठा संच त्याच्या हजारपटीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून सेलच्या काठावर आपल्याला समोरच्याचा आवाज येतो आणि आपला त्याला पोचत नाही. पूर्वी लोक घेत जास्त आणि पाठवत कमी, तेव्हा हे खपून गेले. आता व्हिडिओ कॉल, कॅमेरे आणि यंत्रांची माहिती असे सगळे वरच्या दिशेने निघाले आहे. बॅटरी आणि शरीराजवळच्या किरणोत्सर्गाच्या मर्यादा पाहता फोनची शक्ती काही शंभरपट करता येणार नाही.

बातमीतल्या ‘०.१ मिलिसेकंदात शस्त्रक्रिया’ या दूरवरून करायच्या शस्त्रक्रियेच्या चौकटीविषयी थोडेसेच. ०.१ ते १ मिलिसेकंद ही एम.२१६० मधली मर्यादा फक्त फोन ते टॉवर या हवेतल्या टप्प्याची आहे. पुढे फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर कापतो. शल्यविशारद १००० किलोमीटरवर असेल, तर जाऊन यायला १० मिलिसेकंद लागणारच. त्यावर कुठल्याही ‘जी’चा इलाज नाही.

आणि जी गोष्ट पहिल्या पानावर यायला हवी होती, ती बातमीत आलीच नाही. एम.२१६० मध्ये ६जीचे जे सहा मुख्य उपयोग आहेत, त्यांतला एक संवेदन आणि दळणवळण एकत्र करण्याचा आहे. टॉवरने सोडलेल्या लहरी वस्तूंवर आपटून परत येतात. त्या वाचून काय, कुठे आणि किती वेगाने हलते आहे हे ओळखायचे. थोडक्यात, नेटवर्कचाच रडार. ड्रोन हेरायला, वाहतूक मोजायला, पडलेल्या वृद्धाची सूचना द्यायला हे उपयोगी पडेल. पण मोबाइल नेटवर्कला आजवर फक्त फोनधारक दिसत होता. रडारला फोन नसलेलाही दिसतो. ज्याच्याकडे सिमच नाही, त्याने संमती द्यायची कुठे? हा प्रश्न संशोधक स्वतः विचारत आहेत, वाचकांपर्यंत मात्र तो पोचलेला नाही. चौकट अजून भरायची आहे: तंत्रज्ञानांचे प्रस्ताव आयटीयूकडे २०२७ ते २०२९ या काळात यायचे आहेत आणि मानके लिहिणाऱ्या थ्रीजीपीपीने मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियात इंचॉनला कार्यशाळा घेऊन ६जीच्या कामाला हात घातला. आक्षेप घ्यायचा असेल तर वेळ हीच आहे. टॉवर उभे राहिल्यावर ऐकायला कोणी नसते.

आपल्याकडे मागणे फार नाही. पुढच्या वेळी ६जीच्या विक्रमाची बातमी आली, तर वेगाच्या आकड्याखाली आणखी एक ओळ छापावी: वारंवारता कोणती, बँडविड्थ किती, अंतर किती, फोन हलत होता की तिपाईवर बसवला होता, आणि सेलमध्ये एकटाच होता की वाटेकरी होते. कंपनीच्या पत्रकात हे नसेल तर वार्ताहराने फोन करून विचारावे, सांगतात. आयटीयूची वर उल्लेखलेली दोन्ही कागदपत्रे त्यांच्या संकेतस्थळावर विनाशुल्क मिळतात. एम.२४१० तर इतका छोटा आहे की एका बैठकीत वाचून होतो. आपल्या विज्ञान पुरवणीच्या वार्ताहराने त्यातला तळच्या पाच टक्क्यांचा तक्ता तेवढा काढून ठेवावा. ६जीचा त्याच धर्तीचा तक्ता आला की दोन्ही शेजारी शेजारी छापता येतील.

आपली,
एक निवृत्त रेडिओ नेटवर्क अभियंता