मंत्रीसाहेब, आमच्या फॉर्मातल्या त्या शून्याबद्दल

मा. विज्ञानमंत्री, सप्रेम नमस्कार.

मागच्या रिव्ह्यूच्या फॉर्मात एक रकाना होता, तीन वर्षांत किती घटना नोंदवल्या? आम्ही शून्य लिहिलं आणि निधी अडकला, म्हणून हे पत्र.

साहेब, आम्ही ज्याची वाट बघतोय तो न्यूट्रिनोविना डबल बीटा डिके (अणुकेंद्रातून एकदम दोन इलेक्ट्रॉन सुटतात, पण न्यूट्रिनो नावाचे जवळजवळ वजनहीन कण सुटत नाहीत) आजवर कुणालाच खात्रीने दिसलेला नाही. इटलीत ग्रान सासोच्या डोंगराखाली ह्याच शोधातल्या क्युओरे प्रयोगाची मोजणी 2017 ला सुरू झाली, 988 स्फटिक, निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम 10 मिलीकेल्विन (अंशाचा शंभरावा भाग), पण ते फक्त उष्णता मोजतात, मग शेजारच्या पृष्ठभागावरून सुटलेला अल्फा कण (किरणोत्सर्गातला, आम्हाला नको असलेला) कुठला आणि खरा सिग्नल कुठला हे कळायचं कसं? म्हणून क्युपिड ह्या पुढच्या प्रयोगासाठी लिथियम मॉलिब्डेटचे, किंचित चमकणारे स्फटिक निवडलेत. उष्णता तेवढीच पण उजेड साधारण पाचवा हिस्सा दिसला की समजायचं, हा अल्फा, काढा बाहेर.

आता हा उजेड किती, तर 3 एमईव्ही ऊर्जेच्या घटनेमागे एक-दोन केईव्ही (एक केईव्ही म्हणजे एमईव्हीचा हजारावा भाग). तो पकडायला जर्मेनियमची पातळ चकती, तिच्यावर गोंदाच्या ठिपक्यांनी चिकटवलेला इवलासा सेन्सर. शिवाय ती चपळ हवी, कारण त्या स्फटिकांतल्या मॉलिब्डेनम-100 चा नेहमीचा, न्यूट्रिनोसकटचा डबल बीटा डिके इतका घाईचा (अर्धायुष्य 7 वर 18 शून्यं इतकी वर्षं, आमच्यात ह्याला घाई म्हणतात!) की दोन घटना एकमेकींवर पडून खऱ्या सिग्नलचं सोंग घेतात. चकतीला अॅल्युमिनियमचे इलेक्ट्रोड लावून काही दहा व्होल्ट दिले की सिग्नल नॉइजच्या तुलनेत दहाएक पट उठून दिसतो, पण व्होल्टेज जरा चढलं की करंट लीक होतो आणि चकती तापते, ही मर्यादा प्रत्येक चकतीची वेगळी, बसून शोधावी लागते.

गेल्या खेपेला आठवडाभर फ्रिज थंड केला, खालच्या तापमानाला पोचलो आणि एक चॅनल, म्हणजे एका सेन्सरची सिग्नलची वाट, मेलेला. केसाहून बारीक सोन्याची तार थंडीत आकसून सुटली होती. परत गरम करा, उघडा, तार लावा, थंड करा, महिना गेला. हा महिना कुठल्या रकान्यात लिहू?

तेव्हा नॉइज किती खाली आणला, किती अल्फा ओळखून बाजूला काढले, हे विचारा ना, आणि तीन वर्षांचा तुकडा देण्यापेक्षा सात वर्षं थोडे पण सलग पैसे द्या. आणि हो, आमच्याकडे त्या तारा लावणाऱ्या ताई कंत्राटावर आहेत, पुढच्या महिन्यात संपतंय. फ्रिज परवा परत थंडीला लावतोय.

आपला,
प्रयोगशाळेतला एकजण