टॉम हाऊस सरांना, आमच्या मुलांच्या खांद्यांच्या वतीने

आदरणीय टॉम हाऊस सर,

सप्रेम नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही, होण्याची शक्यताही नाही. मी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत खेळ शिकवते. आमच्याकडे शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळले जातात, हे ऐकून तुम्हाला कदाचित नवल वाटेल. खरं सांगायचं तर बरीच मुलं दहावीच्या क्रीडागुणांसाठी येतात, आणि पालक तर त्याचसाठी पाठवतात. पण एकदा चेंडू हातात आला की गुणांचं कुणाच्या लक्षात राहत नाही. सगळ्यांना फक्त जोरात फेकायचं असतं. या मुलांच्या खांद्यांच्या वतीने तुमचे, म्हणजे अमेरिकेतल्या एका बेसबॉल प्रशिक्षकाचे, आभार मानायचे आहेत.

हे पत्र इतरांनीही वाचावं म्हणून उघडं लिहितेय. त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेलंही थोडं सांगावं लागेल.

बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, दमला किंवा मार खाऊ लागला की बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरच्या सरावाच्या जागेत, बसलेल्यांपैकी एकाला बोलावतात. तुम्ही त्या बसलेल्यांतले. डावखुरे, आणि चेंडूचा वेग बेताचाच. 1971 ते 1978 या काळात अटलांटा ब्रेव्हज, बोस्टन रेड सॉक्स आणि सिअ‍ॅटल मरिनर्स अशा तीन संघांकडून खेळलात. 29 विजय, 23 पराभव आणि संघाची आघाडी शेवटपर्यंत राखलेले, म्हणजे सेव्ह म्हणून नोंदलेले, 33 सामने. कारकीर्द चांगली होती, पण एवढ्यावर पन्नास वर्षांनी कुणी नाव काढलं नसतं.

म्हणजे, एक संध्याकाळ सोडून. 8 एप्रिल 1974 ला ब्रेव्हजच्या हँक अ‍ॅरनने 715वा होमरन (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट कुंपणापार) मारून बेब रूथचा सर्वाधिक होमरनचा विक्रम मोडला आणि तो चेंडू पडला थेट ब्रेव्हजच्या बुलपेनमध्ये, तुमच्या हातमोज्यात. त्या चेंडूसाठी लोक मोठी रक्कम मोजायला तयार होते. तुम्ही तो घेऊन धावत सुटलात आणि होम प्लेटपाशी, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथे, जाऊन अ‍ॅरनच्या हातात दिलात. गोऱ्या रूथचा विक्रम कृष्णवर्णीयाने मोडू नये म्हणून आलेली धमक्यांची पत्रं पचवत तिथवर पोचलेल्या त्या माणसाला तेव्हा त्याच्या आईने घट्ट मिठी मारलेली होती. मुलांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मॅडम, त्यांनी विकला का नाही?”

मला मात्र तुम्ही आवडता ते त्यानंतरचे. स्वतःपाशी वेग नसलेल्या माणसाने वेग कुठून येतो हे शोधायला घेतलं. मानसशास्त्रात डॉक्टरेट केली, फेकणाऱ्या माणसाचं हायस्पीड कॅमेऱ्याने चित्रण करून सांधा न् सांधा मोजायला सुरुवात केली. 1985 ते 1992 टेक्सास रेंजर्स संघाचे पिचिंग कोच असताना तुम्ही पिचर मंडळींना सरावात अमेरिकन फुटबॉल फेकायला लावलात, तेव्हा लोक हसले. त्यामागचं कारण साधं होतं. तो लांबट चेंडू नीट फेकला तर भोवऱ्यासारखा सरळ फिरत जातो, हात चुकला तर हवेत डगमगतो. कोचने तोंड उघडायच्या आधीच मुलाला कळतं.

आणि हसणाऱ्यांसमोर उभा होता वेगवान फेकीसाठी गाजलेला पिचर नोलन रायन. तुमच्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा शिष्य! बेचाळिसाव्या वर्षी रेंजर्समध्ये आला, 1 मे 1991 ला चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याने सातवा नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, न मिळालेला सामना) टाकला, आणि 1999 साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे सन्मानदालनात, निवड झाल्याच्या भाषणात तुमचं नाव घेतलं.

आता माझ्या खांद्याचं. कॉलेजात असताना मी भालाही फेकायचे आणि सॉफ्टबॉलही. दुखायला लागलं की उत्तर ठरलेलं असायचं, “फेकत राहा, हात मोकळा होईल.” झाला काय, तर वरच्या फळीवरचा डबा काढायला आजही मला डावा हात लागतो. कुणाला दोष देत नाही, त्यांनाही तेवढंच शिकवलं गेलं होतं. तुमचं म्हणणं मी फार उशिरा वाचलं. फेकताना हाताला वेग द्यायचं काम छातीकडचे मोठे स्नायू करतात. त्या हाताला थांबवायची सगळी जबाबदारी मात्र खांद्यामागच्या छोट्या स्नायूंवर येते. जेवढं थांबवता येतं तेवढंच शरीर सुखरूप पळवू शकतं. मग नुसते दंड फुगवून उपयोग काय? त्या दिवसापासून आमच्या मैदानावर दंडबैठकांआधी पाठीमागच्या बाजूचे व्यायाम होतात. मुलांना कंटाळा येतो. येऊ दे.

आणि तुमचा तो टॉवेलचा सराव! आमच्याकडे चेंडू मोजके, पण नॅपकिन घरोघरी. नॅपकिनचं एक टोक बोटांत धरायचं, बाकीचा लोंबता ठेवायचा. समोर जोडीदार हातमोजा पुढे करून गुडघ्यावर. पिचरने पाय उचलून पूर्ण ढांग टाकायची, कंबर फिरवायची आणि शेवटी नॅपकिनचा फटका हातमोज्यावर मारायचा. सगळं जुळलं तर ‘फट्ट’ असा खणखणीत आवाज येतो. खांदा आधीच उघडला, म्हणजे वेळेआधी समोर वळला, किंवा कंबरेतून लवकर वाकलं की नॅपकिन वीतभर अलीकडेच पडतो. खऱ्या फेकीत आणि नॅपकिनच्या फेकीत फरक असतो असं काही जाणकार म्हणतात, आणि ते मला पटतंही. तरी पावसाळ्यात व्हरांड्यात, एकही चेंडू न हरवता, अख्ख्या संघाचा सराव होतो, हे त्या जाणकारांना कसं सांगू?

तुमचं सगळंच बरोबर निघालं असंही नाही. तुमच्या हाताखाली तयार झालेल्या पिचर मार्क प्रायरची फेक आदर्श मानली जायची, पण दुखापतींनी त्याची मेजर लीगमधली (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमधली) कारकीर्द 2006 मध्येच संपली. आज तोच लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा पिचिंग कोच आहे. खेळत असताना आपण स्टेरॉइड्स घेतली होती, हे 2005 साली तुम्ही स्वतःहून सांगितलंत. सांगितलं नसतंत तर कोण विचारायला येणार होतं? मोठ्या मुलांसमोर मी हा भागही वगळत नाही.

2008 मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू तुमच्याकडे आले, त्याबद्दल वेगळे आभार. बेसबॉल म्हणजे काय हेही त्यांना धड माहीत नव्हतं. काही महिन्यांत, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग संघाने दोघांना करारबद्ध केलं. मेजर लीगपर्यंत कुणी पोचलं नाही. पण भाला फेकणारा हात चेंडूही फेकू शकतो, हे माझ्या मुख्याध्यापकांना पटवायला मला ती दोन नावं पुरली.

एकलव्याची उपमा मुद्दाम टाळतेय. आमच्या खेळात अंगठा गेला तर चेंडू धरायचा कशाने?

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका

ता. क. अमेरिकन फुटबॉल आमच्या बाजारात मिळत नाही, आणि रग्बीचा चेंडू सातवीच्या मुलींच्या हातात मावत नाही. डगमग दाखवणारं दुसरं काही स्वस्तातलं सुचलं तर जरूर सांगा.