ध्वनिप्रदूषणाची चित्रं पुरे, आता मोजमापाला शिष्यवृत्ती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका शाळेने मला ध्वनिप्रदूषणावरच्या चित्रकला आणि निबंध स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. चाळीसेक चित्रं आली होती. निम्म्यांत एक मोठा कान, शेजारी लाल फुली मारलेला कर्णा आणि खाली ‘शांतता राखा’. निबंध एकाच गाइडातून उतरवलेले. एका पोराने तर ‘पाहा पान ४२’ हेसुद्धा उतरवलं होतं. बक्षीस समारंभात भाड्याने आणलेला स्पीकर इतका चढवलेला होता, की पहिल्या रांगेतली पहिली-दुसरीची मुलं पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत कानात बोटं घालून बसली होती. व्यासपीठावर कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. मीही त्याच व्यासपीठावर होतो.

आठवीतल्या एका मुलीने चित्र काढलंच नव्हतं. तिने वहीचं पान आडवं धरून तक्ता आखला होता. तिच्या घरामागे यंत्रमागाची शेड आहे. वडिलांच्या मोबाइलवर फुकटचं ॲप घेऊन तिने शेडच्या दारात, न्हाणीत, अभ्यासाच्या जागी आणि आजीच्या खाटेपाशी सकाळ, दुपार, रात्र आवाज मोजला होता. माग बंद असलेल्या दिवसाचे आकडे हिरव्या शाईने वेगळे लिहिले होते. तळाला टीप: ‘खिडकीला गोधडी लावल्यावर ४ ने कमी.’ चित्रकलेच्या निकषात बसत नाही म्हणून तिला नंबर मिळाला नाही. निकालपत्रावर माझीही सही आहे. हे पत्र त्या सहीमुळेच लिहितो आहे.

माझे वडील इचलकरंजीत तीस वर्षं मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे कारागीर, होते. गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला, हे इथल्या प्रत्येक शाळेत शिकवतात. त्या मागांनी किती कान खाल्ले, हे कुणी शिकवत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये धोट्याचे माग चालू असले की आवाज सहज ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जातो. वडील कानात कापसाचा बोळा घालत. कापडाच्या गावात कापसाला तोटा नव्हता, पण सुट्या कापसाने आवाज फारसा अडत नाही. म्हातारपणी मेडिकलवाल्याने मलमाचे ‘साठ’ सांगितले, की ते ‘आठ’ ऐकायचे, दहाची नोट पुढे करायचे आणि वर दोन रुपये परत मागायचे. आम्ही भावंडं हसायचो.

त्या हसण्यामागचं शास्त्र मला पुढे भौतिकशास्त्र शिकवताना उमगलं. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या जेमतेम पंधराएक हजार केशपेशी असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. सततच्या मोठ्या आवाजाने पहिला घाव बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीत, बसतो. ‘आ’सारखे स्वर खालच्या पट्टीतले, ते टिकतात, ‘स’, ‘श’, ‘फ’ ही वरच्या पट्टीतली व्यंजनं आधी जातात. साठमधला ‘स’ गेला की आठच उरतो. म्हणूनच अशी माणसं ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ म्हणतात आणि घरचे त्यांना विसराळू नाही तर हट्टी ठरवून मोकळे होतात.

कारखान्यांच्या कायद्यात आवाजाने येणारा बहिरेपणा हा कळवण्याजोगा व्यावसायिक आजार आहे. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादाही आहे. वस्तीसाठी २००० सालचे नियम आहेत: दिवसा ५५, रात्री ४५. पण मर्यादा डेसिबलमध्ये आणि तक्रार ‘फार आवाज होतोय हो’ अशी, मग तिची दाद लागणार कशी? आपल्याकडे हा आकडा काढता येणारी माणसंच कमी आहेत. ती शाळेत घडवावी लागतील, आणि घोषवाक्य स्पर्धेतून ती घडत नाहीत.

अमेरिकेत अकूस्टिकल सोसायटी ही ध्वनिशास्त्राची १९२९ सालची संस्था आपल्या अधिवेशनांत विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांना बक्षिसं देते. तिथे विद्यार्थ्यांसाठी आराखड्याची स्पर्धाही असते. एक काल्पनिक इमारत द्यायची, म्हणजे संगीताचं सभागृह वगैरे, आणि त्यातला आवाज नीट बसवून दाखवायचा. श्रवणरक्षणाचं काम करणाऱ्यांच्या तिथल्या राष्ट्रीय संघटनेची विद्यार्थ्यांच्या संशोधनाला मदत करणारी शिष्यवृत्तीही आहे. आपल्याकडे इन्स्पायर-मानक या केंद्र सरकारच्या शालेय योजनेत निवडलेल्या कल्पनेला १० हजार रुपये मिळतात, होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, बालविज्ञान काँग्रेस आहे. ध्वनी आणि कान एवढाच विषय घेऊन राज्यभर चालणारी शिष्यवृत्ती स्पर्धा मात्र माझ्या पाहण्यात नाही. ती सुरू करावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

यासाठी प्रयोगशाळा लागते, असं कुणी म्हणेल. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळेना, इतका आवाज घुमायचा. तो दोष काढायचं काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्याच्याकडे होती ऑर्गनची एक नळी आणि वेळ मोजायचं साधन. रात्री सगळं शांत झालं की शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो आणून मांडायचा, नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचा. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंद लागत होते. जितक्या गाद्या वाढल्या तितका वेळ घटला. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचं मूळ सूत्र त्या गाद्यांतून निघालं. गाद्यांच्या जागी सतरंज्या आणि गोधड्या घ्या, नळीच्या जागी फटकन फोडलेला फुगा, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. जिल्हा परिषदेच्या कोणत्याही वर्गात हा प्रयोग होतो. शेवटच्या बाकावरच्या मुलाला बाईंचं बोलणं का कळत नाही, याचं उत्तर पुष्कळदा त्या मुलात नसून उघड्या भिंतींत आणि पत्र्याच्या छतात असतं.

या स्पर्धेत गुण कशाला द्यायचे ते आधी ठरवून घ्यावं. आवाज मोजला, तो कमी करायला काही केलं, पुन्हा मोजला, आणि चुकलं कुठे ते लिहिलं, एवढ्यालाच. सजावटीला शून्य. आयटीआय आणि पदविकेच्या मुलांसाठी वेगळा गट हवा. मागाखाली रबराची बैठक बसवून किती फरक पडतो हे तीच मुलं करून दाखवतील. अमेरिकेत दुकानातल्या कपड्यांच्या पुतळ्याला सिलिकॉनचा कान आणि ध्वनिमापक बसवून ‘जोलीन’ नावाची बाहुली केली आहे. आपला इअरफोन तिच्या कानाला लावायचा आणि आपण किती डेसिबल ऐकतो ते बघायचं. असे पुतळे आपल्याकडे पुण्याच्या तुळशीबागेत हवे तेवढे मिळतील.

एक पथ्य मात्र कडक हवं. मुलांना मीटर देऊन विसर्जन मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींसमोर उभं करायचं नाही, आणि मंडळांवरचे खबरेही करायचं नाही. ढोल-ताशा पथकात तर आपलीच मुलं असतात. तिथे स्पर्धेचा विषय साधा आहे: फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायचा. हे शिकवण्याआधी आणि शिकवल्यानंतर पथकातल्या किती जणांचा बोळा नीट बसला, ते मोजा. शंभर डेसिबलला, सावध हिशेबाने, दिवसाला फक्त १५ मिनिटं सुरक्षित मानतात. पथकाचा सराव किती वेळ चालतो, हे पालकांना मी सांगायला नको.

परीक्षक इथेच आहेत. मुंबईत वांद्र्याला वाणी आणि श्रवणाची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, म्हैसूरला याच विषयाची तिच्याहून जुनी संस्था आहे. निकालाचा मुहूर्तही आयता सापडतो: २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आणि ३ मार्चचा जागतिक श्रवण दिन, मध्ये जेमतेम तीन-चार दिवस. ज्यांच्यामुळे विज्ञान दिन साजरा होतो त्या रामन यांनी तबला-मृदंगाच्या शाईमुळे सूर कसा जुळतो यावर १९२० मध्येच लिहिलं होतं, हे आपल्या विज्ञान दिनाच्या भाषणांत सहसा येत नाही.

अडचण उरते ती मीटरची. फोनचे माइक सारखे नसतात, आणि आवाज फार चढला की काही फोन एका आकड्यावर अडूनच बसतात. त्या मुलीचा फोन मी माझ्या जुन्या मीटरशेजारी धरून पाहिला. शेडच्या दारात तो ६ डेसिबल कमी दाखवत होता. घरातले आकडे बरेचसे बरोबर निघाले. तालुक्याला एक तपासून घेतलेला मीटर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे ठेवला, तर शाळा आपापले फोन त्याच्याशी ताडून घेऊ शकतील. आमच्या तालुक्यापुरता माझा मीटर द्यायला मी तयार आहे. तो एकदा तपासून आणावा लागेल आणि बॅटरी नवी घालावी लागेल.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, इचलकरंजी